डिजिटल काट्यावर रोज वेगळं वजन येतं: चूक कुठे शोधायची आणि काय करायचं

तीच स्टीलची वाटी. सकाळी ८४ ग्रॅम, दुपारी ८९, रात्री ८२. चार दिवस असं झालं की काट्यावरचा विश्वास उडतो आणि वाढून घेणं पुन्हा अंदाजपंचे सुरू होतं. '६० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ' असा आहाराचा तक्ता मग फ्रिजच्या दारावर नुसता चिकटून राहतो. दुसरी तक्रार याहून जास्त ऐकू येते: काटा बरोबर आहे, रोज मोजून खातोय, तरी दिवसाचा हिशेब जुळत नाही. या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत, म्हणून आधी काट्याचं पाहू आणि मग मोजण्याच्या पद्धतीचं. नवा काटा आणायची घाई करू नका. जागा, सेल आणि ताटाखालचा कचरा या तीन गोष्टी पाहिल्या की बहुतेक काटे ताळ्यावर येतात.

काट्याच्या पोटात काय चालतं ते समजलं की निम्मं काम होतं. आत बोटभर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते, तिला लोडसेल म्हणतात. तिचं एक टोक खालच्या बैठकीला आणि दुसरं वरच्या ताटाला स्क्रूने घट्ट केलेलं असतं. ताटावर वजन पडलं की पट्टी डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकते. पट्टीवर चिकटवलेल्या बारीक तारेच्या जाळीचा विद्युतरोध त्यामुळे बदलतो आणि आतली चिप तो बदल ग्रॅममध्ये मांडते. तेव्हा पट्टीच्या वाकण्यात जे जे आडवं येईल, किंवा तिला वजनाशिवाय ढकलेल, ते पडद्यावर दिसणारच: वारा, उष्णता, तिरकी जागा, ताटाखाली अडकलेला डाळीचा दाणा. काचेच्या चपट्या काट्यांत चार कोपऱ्यांत चार छोटे सेन्सर असतात, तत्त्व तेच.

आधी तीन चाचण्या

काटा सपाट जागी ठेवा, रिकामा असतानाच चालू करा आणि शून्य दिसल्यावर अर्धा मिनिट थांबा.

पहिली चाचणी एकसारखेपणाची. एखादी जड वाटी किंवा तांब्या घ्या. ठेवा, आकडा लिहा, उचला, शून्य आलं का पाहा, परत ठेवा. असं पाच वेळा. सगळे आकडे एका ग्रॅमच्या आत असतील तर काटा स्थिर आहे. उचलल्यावर शून्याऐवजी २ किंवा उणे ३ दिसत असेल तर दोष जागेचा, सेलचा किंवा तापमानाचा असण्याची शक्यता मोठी.

दुसरी कोपऱ्यांची. साधारण २०० ग्रॅमची लहान तळाची वस्तू आधी मधोमध आणि मग चारी कडांना ठेवा. फरक २ ग्रॅमपर्यंत चालतो. एकाच कडेला ८-१० ग्रॅमचा फरक येत असेल तर त्या बाजूचा रबरी पाय निघालेला असतो, ताट नीट बसलेलं नसतं, किंवा चार सेन्सरच्या काट्यात एक सेन्सर गेलेला असतो.

तिसरी खरेपणाची, आणि इथे बरीच मंडळी चुकतात. साखरेचं किंवा मिठाचं एक किलोचं बंद पाकीट ठेवून काटा तपासतात. त्यात पिशवीचं वजन असतंच, शिवाय वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार ५०० ग्रॅम ते १ किलोच्या एखाद्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची तफावत कायद्याने चालते. म्हणजे पाकीट ९९० दाखवलं तर काटा चुकला की पाकीट, हे कळायला मार्गच नाही. दुधाच्या पिशवीचंही तसंच. अर्धा लिटर दूध म्हणजे सुमारे ५१५ ग्रॅम, कारण दूध पाण्यापेक्षा जड. काटा ५१८ दाखवतोय म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा नाणी बरी. पाच रुपयांचं पिवळं नाणं, २०११ ते २०१८ सालचं, ६ ग्रॅमचं असतं. अशी दहा नाणी ठेवली की ६० ग्रॅम आले पाहिजेत, ५९ ते ६१ चालेल. साल पाहूनच नाणी निवडा. २०१९ पासूनच्या मालिकेतलं पाचाचं नाणं ६.७४ ग्रॅमचं आहे आणि जुनं जाड पांढरं नाणं ९ ग्रॅमचं. सरमिसळ झाली की चाचणी फुकट.

नाण्यांनी फक्त हलक्या वजनाची खात्री होते. जड वजनासाठी ओळखीच्या किराणा दुकानदाराकडचं ५०० ग्रॅमचं किंवा एक किलोचं षटकोनी लोखंडी वजन दहा मिनिटांसाठी मागून घ्या. तळाशी शिशाच्या ठिपक्यावर वैधमापनाचा, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का असतो, तो ताजा आहे ना ते बघा. अशा वजनांची फेरतपासणी दर दोन वर्षांनी करावी लागते. नाशिकमध्ये आणखी एक सोपी सोय आहे. सराफ बाजारात जाणार असाल तर घरची दीडदोनशे ग्रॅमची एखादी स्टीलची डबी बरोबर न्या आणि सराफाला ती तोलून द्यायला सांगा. सोन्याचा काटा ग्रॅमच्याही बारीक अंशापर्यंत मोजतो. जो आकडा येईल तो डबीच्या तळाशी कोरून किंवा मार्करने लिहून ठेवा. यापुढे ती डबी म्हणजे तुमच्या घरचं प्रमाणवजन. महिन्यातून एकदा ती काट्यावर ठेवायची, बस्स. मात्र तिच्यात काही भरायचं नाही आणि तिला घासणीने खरवडायचं नाही.

चूक कोणत्या प्रकारची आहे ते आकड्यांवरूनच कळतं. १०० ला १०४ आणि ५०० ला ५०४ येत असेल तर शून्यच चुकलेलं आहे. ताट रिकामं करून टेअरचं, म्हणजे आकडा पुन्हा शून्यावर आणणारं, बटण दाबा. १०० ला १०४ आणि ५०० ला ५२० येत असेल तर चूक प्रमाणात वाढतेय, काटा नव्याने जुळवायला हवा. हलकी वजनं बरोबर आणि एका मर्यादेच्या पुढे आकडा मागे पडत असेल, तर ताटाखाली काहीतरी टेकतंय.

ताटाखालचा कचरा

हे शेवटचं कारण सगळ्यात जास्त आढळतं आणि सगळ्यात उशिरा शोधलं जातं. ताट आणि बैठक यांच्यातली फट जेमतेम दोनतीन मिलिमीटरची. कणीक, रवा, साखर त्यात जाऊन बसते, पावसाळ्यात दमट होते आणि सुकली की सिमेंटसारखी घट्ट. पट्टी वाकायला लागली की ताट त्या खड्यावर टेकतं आणि उरलेलं वजन पट्टीपर्यंत पोहोचतच नाही, सरळ बैठकीत जातं. म्हणून २०० ग्रॅमपर्यंत काटा चोख आणि ८०० ला ७६०.

सेल काढा, काटा उलटा करून हलकेच झटका. फटीतून जुना मऊ दात घासायचा ब्रश किंवा कार्डाचा कडक तुकडा फिरवा. ताट निघणारं असेल तर वर उचलून काढा. स्क्रूचं असेल आणि हात बसलेला नसेल तर खोलू नका, कारण पट्टीला जोडलेल्या चार तारा केसासारख्या नाजूक असतात. पाण्याखाली काटा कधीही धरायचा नाही. ओल्या पिळलेल्या फडक्याने पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा. फुंकणीने किंवा कंप्रेसरने जोरात हवा मारू नका, पीठ आणखी आत जातं.

जागा

ओटा सपाट दिसतो, पण बहुतेक ओट्यांना सिंककडे हलका उतार दिलेला असतो, पाणी वाहून जावं म्हणून. कडप्प्याच्या जुन्या ओट्यांवर तर सांध्याजवळ चढउतार हाताला लागतो. काटा सिंकपासून लांब ठेवा आणि चारही पाय टेकलेत ना ते कोपरे दाबून पाहा. डुगडुगत असेल तर खाली कागदाच्या घड्या घालू नका, जागा बदला. खाली प्लास्टिकचं मॅट, वर्तमानपत्र किंवा टॉवेल असेल तर तेही काढा. मऊ पृष्ठभागावर पाय रुततात आणि बैठकच ताटाला शिवते.

पंखा बंद करा. परातीसारख्या पसरट भांड्यावर वरच्या पंख्याचा वारा पडला की आकडा सतत ३-४ ग्रॅम खालीवर नाचतो. मिक्सर चालू असताना, किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवून मोजलं तर कंपनांनी आकडा ठरतच नाही. इंडक्शन शेगडीपासून दोन हात अंतर ठेवा, मोबाइलही काट्याला खेटून नको.

आता थंडीचं. निफाडचा पारा खाली गेला की नाशिकची सकाळही चांगलीच गारठते. रात्रभर खिडकीशी गार पडलेला काटा पेटत्या गॅसशेजारी आणून लगेच वापरला तर तापेपर्यंत शून्य सरकत राहतं. दहा मिनिटं स्वयंपाकघरात राहू द्या, चालू करा, अर्धा मिनिट थांबा, मग टेअर दाबा. गरम पातेलं थेट ठेवल्यावरही असंच होतं, कारण उष्णता ताटातून पट्टीपर्यंत उतरते. आधी लाकडी पाट किंवा जाड लाकडी बैठक ठेवा, टेअर करा, मग पातेलं ठेवा, पाचदहा सेकंदांत आकडा घ्या आणि उचला. प्लास्टिकच्या ताटावर कुकर ठेवायचं तर हे करावंच लागतं, नाहीतर ताट वाकतं आणि पुन्हा सरळ होत नाही.

सेल

'लो' असं दिसायच्या कितीतरी आधी काटा बहकायला लागतो. आकडा आपोआप सरकतो, पडदा फिका पडतो, पडद्याचा दिवा लागला की काटा बंद होतो. दोन पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर दोन्ही एकदमच बदला; एक नवा आणि एक जुना घालू नका. रिचार्जेबल सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, काही काटे ते भरलेले असतानाही कमी समजतात. बटन सेलच्या काट्यात बहुधा २०३२ क्रमांकाचा सेल लागतो, पण जुना काढून क्रमांक बघूनच घ्या. स्प्रिंगवर पांढरा-हिरवा क्षार दिसत असेल तर कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा, कोरड्या काडीने टिपा, पूर्ण वाळल्यावरच सेल घाला. महिनाभर गावाला जाणार असाल तर सेल काढून ठेवा.

शून्याची गडबड

काटा चालू होताना ताटावर जे असेल त्यालाच तो शून्य समजतो. वर ताटली राहिली असेल तर ती उचलल्यावर उणे आकडा दिसतो. हा बिघाड नव्हे, बंद करून रिकामा चालू करा. कणीक मोजता मोजता फोन आला आणि काटा दोनतीन मिनिटांत आपोआप बंद झाला, की मधला हिशेब गेला. यावर उपाय पुढे भांड्यांच्या यादीत आहे.

टेअर केल्याने काट्याची क्षमता वाढत नाही. पाच किलोच्या काट्यावर १.८ किलोचा कुकर ठेवून शून्य केलं तर उरतात ३.२ किलो. त्यापुढे 'एरर' किंवा नुसत्या रेघा. क्षमतेपेक्षा जास्त भार पुन्हापुन्हा दिला तर पट्टी कायमची वाकते. कपाटात काट्यावर डबे रचून ठेवण्याचाही परिणाम हळूहळू हाच होतो.

चिमूटचिमूट मीठ किंवा जिरं टाकत राहिलं आणि आकडा शून्यावरून हलतच नाही, ही तक्रार खूप येते. शून्याजवळ हळूहळू होणारा बारीक बदल म्हणजे तापमानाचा सरक, असं समजून काटा तो स्वतःच पुसून टाकतो. पाच ग्रॅम जिरं असंच गिळलं जातं. उपाय दोन. टेअर केल्यावर पाच रुपयांचं ६ ग्रॅमचं नाणं भांड्याशेजारी ताटावर ठेवा. आकडा ६ झाला की शून्याची पकड सुटते, पुढची भर नीट दिसते, शेवटी ६ वजा करा. दुसरा उपाय त्याहून चांगला: मिठाचा डबाच काट्यावर ठेवा, शून्य करा आणि चमच्याने काढून घ्या. जेवढं काढलं तेवढं उणे दिसेल. तरीही लक्षात ठेवा, एका ग्रॅमच्या काट्यावर ५ ग्रॅम मोजताना एका ग्रॅमची चूक म्हणजे वीस टक्के. मसाले आणि मीठ मोजायचेच असतील तर दहा चमच्यांचं वजन एकदम घ्या आणि दहाने भागा.

वाटी ठेवल्यावर '३' असा आकडा आला आणि तुम्ही चक्रावलात, तर एकक बघा. बटणावर चुकून बोट पडलं की काटा औंसांत जातो. एक औंस २८.३५ ग्रॅमचा. मिलिलिटरचं बटणही जपून वापरा. त्यात काटा पदार्थाला पाणीच समजतो. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पडद्यावर १०० मिलिलिटर दिसतात तेव्हा भांड्यात जवळपास १०९ असतात. तेल नेहमी ग्रॅममध्येच मोजा.

मोठ्या पातेल्याखाली पडदा झाकला जात असेल तर ताटावर आधी एक लहान डबा उपडा ठेवा, टेअर करा आणि त्यावर पातेलं ठेवा. कढईचा कान टाइलला किंवा पातेल्याची कड भिंतीला टेकलेली नसावी, टेकली की वजन कमी येतं.

काटा चोख, तरी हिशेब चुकतो

इथे दोष बहुतेक वेळा एकच असतो: तक्ता कच्च्या वजनाचा आणि मोजणं शिजलेल्याचं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या दिवसासाठी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, २७ ग्रॅम तेल-तूप अशी मापं आहेत, ती सगळी कच्च्या पदार्थांची. ताटातला १०० ग्रॅम भात म्हणजे १०० ग्रॅम तांदूळ नव्हे. १०० ग्रॅम तांदळाचा २५० ते ३०० ग्रॅम भात होतो, तांदूळ जुना की नवा आणि पाणी किती यावर. वरणाचं तर विचारूच नका, पळी उभी राहील इतकं घट्ट की आमटीसारखं पातळ यावर सगळं. म्हणून 'शिजलेलं किती वाढतं' याचा ठरीव गुणक वापरू नका. स्वतःच्या पातेल्यातलं गणित रोज मांडा. ते अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

त्यासाठी आधी भांड्यांची यादी. नेहमीची सगळी पातेली, कढया, कुकरची भांडी रिकामी आणि कोरडी तोला, झाकणाशिवाय. आकडे कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. हे एकदा झालं की काटा मध्येच बंद पडला तरी काही बिघडत नाही, भरलेलं भांडं परत ठेवून रिकाम्याचं वजन वजा करायचं.

आता उदाहरण. चौघांच्या वरणाला १५० ग्रॅम तूरडाळ घेतली. फोडणी देऊन तयार झालेलं वरण पातेल्यासकट १८४० ग्रॅम, रिकामं पातेलं ६४०. म्हणजे वरण १२०० ग्रॅम. तुमच्या वाट्याला ३० ग्रॅम डाळ हवी. १२०० गुणिले ३०, भागिले १५०: २४० ग्रॅम वरण वाढून घ्यायचं. भाताचंही तसंच. २४० ग्रॅम तांदळाचा ७०० ग्रॅम भात झाला आणि वाटा ६० ग्रॅम तांदळाचा असेल, तर १७५ ग्रॅम भात.

यात दोन खाचाखोचा आहेत. वरण वाढण्याआधी तळापासून ढवळा, डाळ खाली बसते आणि पहिला वाढणारा पाणीच घेतो. आणि वाटा ताजं असतानाच काढा. रात्रीचा भात फ्रिजमध्ये राहिला की पाणी जातं, सकाळी तोच वाटा कमी वजनाचा दिसतो आणि माणूस 'कमी आहे' म्हणून आणखी वाढून घेतो.

पोळ्यांचा हिशेब त्या मानाने सोपा. ३०० ग्रॅम कणीक, सुमारे १९० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम तेल, मिळून ५०० ग्रॅमचा गोळा. ५० ग्रॅमचे दहा उंडे केले की प्रत्येक पोळीत ३० ग्रॅम कणीक. गहू आणि चक्कीप्रमाणे पाणी कमीजास्त लागतं, म्हणून ५० चा आकडा पाठ करू नका. मळलेल्या गोळ्याचं एकूण वजन घ्या आणि जितक्या पोळ्या हव्यात तितक्यांनी भागा. मळून झाल्यावर गोळा झाकून ठेवा, उघडा राहिला की सुकतो. भाजलेली पोळी उंड्यापेक्षा हलकी भरते, कारण तव्यावर पाणी उडतं. तिचं वजन पाहून कणकेचा अंदाज करू नका. लाटताना लावलेली परी, म्हणजे वरून लावायचं कोरडं पीठ, वेगळी असते. परीचा डबा आधी आणि नंतर तोला. सढळ हात असेल तर दहा पोळ्यांत वीसतीस ग्रॅम पीठ असंच जातं. बाजरीच्या किंवा नागलीच्या भाकरीला थापताना आणखी लागतं, तिथे ही नोंद सोडूच नका.

तेल, कूट आणि तर्री

वाटा मोजून घेतला, पण वजन उतरत नाही, तर तेलाकडे वळा. तेलाच्या १०० ग्रॅममध्ये ९०० कॅलरी. १५ मिलिलिटरचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १४ ग्रॅम, सव्वाशे कॅलरी. भातात ३५ ग्रॅम तांदूळ जास्त पडला तर जेवढा फरक पडतो तेवढा एका चमच्यात. आणि फोडणीचं तेल कुणी चमच्याने घेत नाही, किटलीतून धार सोडतात. तेलाची किटलीच काट्यावर ठेवा, शून्य करा, कढईत तेल सोडा, किटली परत ठेवा. उणे २२ दिसलं म्हणजे २२ ग्रॅम गेलं. कढई गरम असली तरी ही पद्धत चालते, हीच तिची खुबी. तूप आणि पोळीला लावायचं तेलही असंच मोजायचं.

दाण्याचा कूट आपल्याकडे सगळ्यात पडतो आणि कुठल्याच तक्त्यात लिहिला जात नाही. सपाट चमचा आणि शीग भरलेला चमचा यांत जवळपास दुपटीचा फरक असतो. कुटाचा डबा काट्यावर ठेवून उणे पद्धतीनेच मोजा.

आणि मिसळ. वरणाचं गणित इथे चालत नाही, आणि का चालत नाही ते समजून घेण्यासारखं आहे. वाट्याचं गणित तेव्हाच खरं ठरतं जेव्हा भांड्यात सगळं सारखं मिसळलेलं असतं. मिसळीच्या रश्श्यात तेल वर तरंगतं. वरून पळीभर तर्री घेणाऱ्याच्या वाटीत चौघांचं तेल एकट्याकडे जातं, आणि काटा मात्र सगळ्यांना सारखेच १५० ग्रॅम दाखवतो. घरी मिसळ करताना उसळ, रस्सा, फरसाण आणि पाव वेगवेगळे तोला. गॅस बंद करून रस्सा पाच मिनिटं स्थिर ठेवा, वरची तर्री वाटीत काढून तिचं वजन घ्या आणि ती माणशी वाटून द्या. फोडणीला ४० ग्रॅम तेल घातलं असेल तर त्यातलं बरंचसं याच वाटीत असतं. वाटणातल्या सुक्या खोबऱ्याचं तेल सुटतं ते त्यात भर घालतं. फरसाणाला १०० ग्रॅममागे पाचशेच्या वर कॅलरी, म्हणून ते मुठीने टाकू नका. वाटी काट्यावर ठेवा, ३० ग्रॅम घ्या आणि पुडा कपाटात ठेवून मगच जेवायला बसा. मटकीचं वजन कोरडी असताना घ्या. मोड आल्यावर ती दुपटीच्या पुढे जाते.

उपवासाच्या दिवशी हाच घोळ साबुदाण्याचा. भिजला की तो जवळपास दुप्पट भरतो, तेव्हा मोजायचा तो कोरडाच. भगरही कोरडी मोजा, ५० ग्रॅम भगरीला पाणी जेवढं घालाल तेवढी ती फुगते. खिचडीत साबुदाण्यापेक्षा कूट आणि तूप जास्त जड जातात. वाटा कमी करायचा तर तिथे करा.

फळांत देठ, साल, कोय यांचं वजन धरलं जातं. द्राक्षांचा घड तोलू नका, मणी काढून तोला. केळ्याच्या वजनातला सुमारे एक तृतीयांश भाग सालीत जातो. शेंगा सोलल्यावर दाणे साधारण ७० टक्के भरतात. चिकन कच्चं तोला, शिजल्यावर त्यातलं पाणी जाऊन पाव हिश्शाच्या आसपास वजन घटतं.

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर काट्यावर मोजायला लागल्यावर भात-पोळीचा वाटा एकदम खाली आणू नका. आधी आजवर खरोखर किती ग्रॅम खात होता ते आठवडाभर नुसतं लिहून काढा आणि ती नोंद डॉक्टरांना दाखवा. औषधाचा डोस त्या प्रमाणात बदलावा लागतो.

जुळवणी आणि बदलणं

वरचं सगळं करूनही चूक प्रमाणात वाढणारीच असेल, तर काही काट्यांत जुळवणीची सोय असते. माहितीपत्रकात सांगितलेलं बटण दाबून धरत काटा चालू केला की पडद्यावर १०००, २००० किंवा ५००० असा आकडा येतो आणि काटा तेवढ्याच वजनाची वाट पाहतो. शिक्क्याचं खरं वजन हाताशी नसेल तर हे करूच नका. साखरेच्या पाकिटावर जुळवलेला काटा त्या पाकिटाची चूक पुढे प्रत्येक मोजणीत घालतो. चुकून या अवस्थेत गेलात तर काही न ठेवता सेल काढा.

पाच वेळा ठेवलेली वाटी नव्या सेलवर, स्वच्छ काट्यावर, सपाट जागीही तीनचार ग्रॅमने बदलत असेल, किंवा काटा पडल्यापासून एका कडेला वेगळं वजन येत असेल, तर पट्टी गेलेली आहे. ती बदलण्याचा खर्च घरगुती काट्याला परवडत नाही. नवा घेताना ५ किलो क्षमतेचा, एका ग्रॅमच्या मापाचा, सपाट ताटाचा आणि पडदा ताटाच्या पुढे असलेला निवडा. दुकानातच चारी कोपऱ्यांची चाचणी करा, पाचाची दहा नाणी खिशात घेऊनच भांडी बाजारात जा.

पोळीभाजी केंद्र किंवा डब्यांचा व्यवसाय असेल आणि चिवडा, लाडू, चटणी वजनावर विकत असाल, तर मात्र हा घरगुती काटा गिऱ्हाइकासमोर चालणार नाही. वैधमापन कायदा, २००९ प्रमाणे विक्रीसाठी पडताळणी करून शिक्का मारलेलाच काटा लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची ही पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. घरातला काटा उंड्यांसाठी आणि डब्यातल्या भाजीचा वाटा सारखा ठेवण्यासाठी वापरा. बिलावर जे वजन लिहाल ते शिक्क्याच्या काट्यावरचं असू द्या.